मोहिमेच्या रसदेचा हिशेब कसा मांडावा : पाणिपत १७६०–६१ समोर ठेवून

जुन्या मोहिमेवर लिहिणारा माणूस बहुधा रणांगणापासून सुरुवात करतो. फळी कशी लावली, तोफा कोठे होत्या, कोण कोणत्या प्रहरी पडले, हे सांगणारे बखरकार आणि पोवाडेकार भरपूर असल्यामुळे ती माहिती सहज हाती लागते. रसदेचा विषय मात्र ‘लष्कराचे अन्नावाचून हाल झाले’ अशा एका वाक्यात उरकला जातो. ते हाल नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले, आधी माणसांचे झाले की घोड्यांचे, दाणा संपला म्हणून झाले की दाणा आणणारी वाट बंद झाली म्हणून झाले, हे शोधण्याची रीत येथे दिली आहे. त्यासाठी चांगला नकाशा, पिकांचे वेळापत्रक, जुन्या मापांचे कोष्टक, छापील पत्रव्यवहार आणि साधा गुणाकार एवढेच साहित्य लागते. लष्करी शिक्षणाची गरज नाही.

उदाहरण म्हणून पाणिपतची मोहीम घेतली आहे. या मोहिमेतील पत्रे मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, आणि ‘पाणिपत उपासमारीने हरले’ हे विधान मराठी वाचकाने इतक्या वेळा ऐकलेले आहे की ते तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. माझ्या मते ते विधान खरे असले तरी अपुरे आहे. मराठ्यांची रसदपद्धत चालत्या लष्करासाठी घडलेली होती, आणि अडीच महिने एका जागी बसलेल्या लष्कराला ती पोसू शकत नव्हती. हे मत हिशेबात टिकते का, ते पुढे पाहू.

पहिले काम : तारीख, ठिकाण, ऋतू

एका मोठ्या कागदावर पाच रकाने आखावेत : तारीख, मुक्काम, मागच्या मुक्कामापासूनचे अंतर, वाटेतील नदी, आणि त्या आठवड्यात त्या प्रदेशात शेतात काय उभे होते ते. पहिले चार रकाने कोणत्याही चांगल्या इतिहासग्रंथातून भरता येतात. पाचवा रकाना बहुतेकांकडून रिकामा राहतो, आणि नेमका तोच सर्वांत जास्त बोलतो.

पाणिपतसाठी हा कागद असा भरत जातो. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला निजामाचा पराभव झाला. त्याआधी महिनाभर, १० जानेवारीला, यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते आणि ती बातमी दक्षिणेत पोहोचल्यावर उत्तरेची मोहीम ठरली. सदाशिवरावभाऊ मार्चच्या मध्यावर परतूरहून निघाले, एप्रिलमध्ये नर्मदा ओलांडली, मेअखेर ग्वाल्हेरच्या परिसरात आले आणि तेथून पुढे पावसाळ्याने गाठले. गंभीर नदीच्या पुराने फौज खोळंबली, आग्र्याजवळ पोहोचायला जुलै उजाडला, फुगलेली यमुना ओलांडून अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या प्रदेशात, उतरण्याचा बेत सोडून द्यावा लागला आणि ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. पुढचे दोन महिने पावसात दिल्लीलाच गेले. १७ ऑक्टोबरला यमुनाकाठचे कुंजपुरा घेतले आणि दसरा तेथेच झाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अब्दाली बागपतजवळ नदी उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये आला. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत दोन्ही फौजा पाणिपतला समोरासमोर बसून राहिल्या.

आता अंतराचा भागाकार करावा. परतूर ते दिल्ली हे हजार किलोमीटरहून अधिक अंतर साडेचार महिन्यांत कापले गेले, म्हणजे दिवसाला सरासरी आठ किलोमीटर. येथे एक पथ्य पाळावे. सरासरीत मुक्काम आणि कूच यांची सरमिसळ होते, म्हणून दोन्ही वेगळे काढावेत. प्रत्यक्ष चालीच्या दिवसांत फौज कमी वेगाने जात होती असे नाही, पण थांबण्याचे दिवस फार होते, आणि ज्या दिवशी कूच नाही त्या दिवशीही घोड्याला चंदी, म्हणजे दाणा, लागतेच. मार्च १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी सडी फौज घेऊन दिल्लीच्या वेशीपर्यंत जी झडप घातली, तिचा असाच कागद करून शेजारी ठेवला तर फरक चटकन दिसतो. त्या फौजेजवळ अवजड तोफखाना नव्हता, कबिले (बायकामुले) नव्हते, आणि एका गावचा चारा संपण्याच्या आत ती पुढच्या गावी पोहोचलेली असे.

पाचव्या रकान्यात पाणिपत-कर्नाळ भागातील पिके लिहावीत. बाजरी-ज्वारीसारखा खरीप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतो, त्याच सुमारास गहू आणि हरभरा पेरला जातो, आणि ते पीक मार्च-एप्रिलमध्ये हाती येते. म्हणजे दोन्ही फौजा जेथे बसल्या होत्या तेथे डिसेंबर-जानेवारीत शेते हिरवी होती, पण त्यांत दाणा नव्हता. खरिपाचा दाणा गावांच्या कणगी-पेवांत असणार, पण तो मिळण्यासाठी गावापर्यंत जाता यायला हवे आणि मोबदला देता यायला हवा. शिवाय १७५७ पासून हा सगळा टापू सतत कोणत्या ना कोणत्या फौजेच्या पायाखाली होता. पिकांचे हे वेळापत्रक सेनापतींनाही चुकत नाही. नेपोलियनने १८१२ मध्ये नेमन नदी ओलांडायला २४ जून हा दिवस गाठला, त्यामागे घोड्यांसाठी गवत वाढू देणे हे एक मोठे कारण होते, आणि तरीही ओल्या चाऱ्याने व पावसाने पहिल्या काही दिवसांतच त्याची हजारो घोडी मेली.

दुसरे काम : तलवारी सोडा, तोंडे मोजा

फौजेची संख्या हा वादाचा विषय असतो आणि बखरींतील आकडे डोळे मिटून घेण्यासारखे नसतात. रसदेच्या हिशेबाला मात्र लढणाऱ्यांचा आकडा पुरेसाही नसतो. स्वारामागे मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) असतो, गवत कापणारा असतो, तोफेमागे बैलवाले असतात, आणि लष्कराबरोबर बाजार चालतो. त्यात वाणी, सोनार, लोहार, नालबंद, आचारी, भिस्ती असे सर्व येतात. पाणिपतच्या लष्करात याखेरीज सरदारांचे कबिले होते आणि फौजेच्या आश्रयाने तीर्थयात्रा घडेल म्हणून निघालेले यात्रेकरूही होते. या सर्वांना मिळून बुणगे म्हणतात आणि ते लढणाऱ्यांपेक्षा अधिक असणे ही त्या काळी सर्रास गोष्ट होती. सूरजमल जाटाने भाऊंना अवजड सामान आणि कबिले मागे ठेवण्याचा सल्ला दिला होता. तो रसदेच्याच अंगाने वाचला पाहिजे.

खरा आकडा ठाऊक नसला तरी काम अडत नाही. एक लाख माणसे आणि पन्नास हजार घोडी असे एक माप मानून त्याचा रोजचा खर्च काढावा. प्रत्यक्ष संख्या दीडपट वाटली तर खर्च दीडपट करावा. हे माप म्हणजे पाणिपतची संख्या असा माझा दावा नाही, ती केवळ मोजपट्टी आहे.

माणसाला दिवसाला पाऊण किलो धान्य धरले तर लाख माणसांना ७५ टन लागतात. घोड्याला कामाच्या दिवसांत चंदी म्हणून साडेतीन ते चार किलो हरभरा किंवा तत्सम दाणा लागतो. हिशेबाच्या सोयीसाठी चार किलो धरले तर पन्नास हजार घोड्यांना २०० टन. दोन्ही मिळून दिवसाला २७५ टन दाणा झाला, आणि त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश घोडी खातात. या एका आकड्यावर जरा थांबावे. घोडदळाच्या फौजेत दुष्काळ प्रथम पागेत येतो. माणूस अर्ध्या भाकरीवर महिना काढतो, घोडा मात्र आठवड्याभरात उतरतो आणि उतरलेला घोडा हल्ल्याच्या दिवशी धावत नाही. म्हणून साधनांत ‘घोडी बसली’, ‘घोडी पडली’ अशा नोंदी माणसांच्या उपासाच्या नोंदींपूर्वी येतात का, हे आवर्जून पाहावे.

याखेरीज वैरण आहे. घोड्याला दिवसाला आठ किलो सुका चारा धरला तर पन्नास हजारांना ४०० टन होतात, आणि बैल, उंट, हत्ती यांचा चारा त्यावर वेगळा.

तिसरे काम : बैल, गोणी आणि वाट

दाणा किती लागतो यापेक्षा तो कसा येतो हा प्रश्न मोठा आहे. रेल्वे येईपर्यंत हिंदुस्थानात लष्करी धान्याची मोठी वाहतूक वंजारी-लमाणांच्या तांड्यांनी केली. पाठीवर दोन्ही बाजूंना गोण टाकलेला बैल साधारण १०० किलो वाहतो, वाटेत चरत चालतो आणि दिवसाला १५ किलोमीटरच्या आसपास जातो. हे तीन आकडे हाती असले की कोणत्याही मोहिमेची वाहतूक मांडता येते.

आपल्या मोजपट्टीला रोज २७५ टन दाणा हवा, म्हणजे छावणीत रोज २,७५० भरलेले बैल शिरले पाहिजेत. दिल्ली ते पाणिपत अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. जायला सहा दिवस, परतायला सहा, भरणे-उतरवणे यांना दोन, अशी चौदा दिवसांची एक फेरी. म्हणजे २,७५० गुणिले १४, एकूण ३८,५०० बैल सतत वाटेवर असतील तरच ही छावणी दिल्लीवरून पोसली जाईल. वाट पूर्णपणे सुरक्षित आहे, एकही बैल मरत नाही आणि दिल्लीत धान्याचा तुटवडा नाही असे मानून आलेला हा आकडा आहे. त्या वाटेवर अब्दाली बसला होता. हाच गुणाकार कुंजपुऱ्याहून केला तर अंतर निम्म्याहून कमी भरते. कुंजपुऱ्याच्या कोठारांतील धान्य मराठ्यांच्या हाती लागले तो दिवस म्हणूनच मोहिमेतील सर्वांत पोटभर दिवसांपैकी एक होता, आणि तेथे मिळालेला साठा ही पुन्हा भरली जाणारी पेठ नव्हती, एकदा खर्चून संपणारी ठेव होती.

चाऱ्यासाठी तांडे चालत नाहीत, कारण गवत वजनाने हलके आणि आकाराने फार मोठे. वैरण जवळपासच कापून आणावी लागते, आणि त्यासाठी छावणीतून रोज निघणाऱ्या टोळीला मराठी कागदपत्रांत कही म्हणतात. कही एका दिवसात जाऊन परत यायची असेल तर पंधरा किलोमीटरपलीकडे तिची मजल जात नाही. छावणीभोवती पंधरा किलोमीटरचे वर्तुळ काढले तर सुमारे ७०० चौरस किलोमीटर क्षेत्र येते, आणि शत्रू समोर असेल तर त्यातले निम्मे आधीच बाद होते. उरलेल्या निम्म्यात पहिल्या महिन्यात जे मिळाले ते दुसऱ्या महिन्यात मिळत नाही, म्हणून कही दूर जाते. दूर गेलेली कही संरक्षणाबाहेर पडते. पाणिपतला नेमके हेच झाले : गवत आणि लाकडे आणायला बाहेर पडलेल्या लोकांवर अफगाण स्वार तुटून पडू लागले आणि छावणीभोवतीचे वर्तुळ आतआत येत गेले. नकाशावर हे वर्तुळ पेन्सिलीने काढून दर पंधरवड्याला नव्याने आखावे.

मुक्कामी लष्कराच्या वैरणीची काळजी कशी घ्यावी याचा उत्तम दाखला मराठ्यांच्याच दप्तरात आहे. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणी केलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांना पाठवलेले पत्र शाळेच्या पुस्तकांतून रयतेच्या कळवळ्यासाठी प्रसिद्ध आहे, पण रसदेचा अभ्यास करणाऱ्याने ते साठ्याचा हुकूम म्हणून वाचावे. दाणा-गवत हवे तसे उधळू नका, पावसाळाभर पुरवायचे आहे. आता संपवलेत तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडून दाणे, भाकर, गवत, फाटे ओढून आणू लागाल आणि लोक गाव सोडून जातील, असा तर्क त्यात टप्प्याटप्प्याने केला आहे. त्यानंतर पत्र थेट गवताच्या गंजीपर्यंत उतरते. कोणी आगट्या करील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी वैरण जळून जाईल. रसदेचा विचार राजाच्या पातळीवरून उंदराने ओढलेल्या वातीपर्यंत पोहोचलेला असा दस्तऐवज फार थोड्या दरबारांनी मागे ठेवला असेल.

चौथे काम : पैशाची वाट धान्याच्या वाटेशेजारी आखणे

तांडेवाला सैनिक नसतो. तो नफ्यासाठी येतो, दोन्ही बाजूंना विकतो, आणि वाट धोक्याची किंवा मोबदला अनिश्चित वाटला तर येत नाही. त्यामुळे धान्याच्या नकाशावर दुसऱ्या रंगाने पैशाचा नकाशा काढणे आवश्यक आहे : कोणत्या महालांचा वसूल येणे होता, कोणत्या सावकाराच्या हुंड्या कोठे पटत होत्या, आणि रोख खजिना कोणत्या वाटेने येत होता.

भाऊंच्या फौजेचा पैशाचा नकाशा दिल्लीतच फाटलेला दिसतो. उत्तरेतील महालांचा वसूल थकलेला, दक्षिणेहून रक्कम येत नाही, आणि फौजेचा रोजचा खर्च चालूच. दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले, ते याच ओढाताणीत. त्या घटनेवर नैतिक टिप्पणी पुष्कळ झाली आहे. हिशेबनिसाच्या दृष्टीने मात्र ती ऑगस्ट १७६० मध्ये, म्हणजे पाणिपतच्या पाच महिने आधी, तिजोरी रिकामी असल्याची तारीखवार नोंद आहे. पुढे जानेवारीत दिल्लीहून पाणिपतकडे खजिना घेऊन निघालेली तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून अफगाण छावणीतच शिरली आणि कापली गेली. घोडेस्वारांवर पैसे लादून रात्री चोरवाटेने पाठवावे लागत होते, याचा अर्थ मोठ्या तांड्याला ती वाट केव्हाच बंद झाली होती.

पाचवे काम : शत्रूचा तसाच कागद

ही पायरी मराठी लेखनात सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. आपली उपासमार मोजली की काम झाले असे वाटते, पण समोरची फौजही तेवढेच दिवस तेथेच बसलेली होती आणि घराहून आणखी दूर होती. ती का उपाशी मेली नाही?

अब्दालीचा कागद भरला की उत्तर दिसते. १७६० चा पावसाळा त्याने गंगाकाठी अनूपशहराजवळ काढला. नजीबखान रोहिला त्याच्या बाजूला होता, म्हणजे रोहिलखंड आणि वरची अंतर्वेद हे सुपीक प्रदेश त्याच्या मित्रांच्या ताब्यात होते, आणि जुलैमध्ये अयोध्येचा शुजाउद्दौला त्याला मिळाला. बागपतजवळ यमुना उतरून आल्यावर त्याची धान्याची वाट नदीपलीकडच्या या प्रदेशाशी जोडलेली राहिली. मराठ्यांच्या पाठीशी उरली ती पतियाळ्याच्या आला जाटाकडून येणारी रसद. तीही पुढे अडवली गेली.

भाऊंना हे कळत नव्हते असे मानणे चुकीचे ठरेल. अंतर्वेदीतले मराठ्यांचे मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांना गेलेली पत्रे वाचली तर आधी नावा जमवा, पैसा पाठवा, आणि पुढे शत्रूच्या मुलखात शिरून त्याचे धान्य बंद करा, अशी मागणी सतत दिसते. गोविंदपंतांनी अंतर्वेदीत ते काम सुरूही केले, आणि अब्दालीच्या छावणीला त्याची झळ लागली. डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीचा सरदार अताईखान याच्या अचानक छाप्यात गोविंदपंत मारले गेले आणि शत्रूची वाट पुन्हा मोकळी झाली. रसदेच्या कागदावर निर्णायक लढाईची तारीख शोधायची झाली तर मी याच घटनेवर बोट ठेवीन. त्याआधी दोन्ही फौजा एकमेकींची वाट बंद करू पाहत होत्या, त्यानंतर फक्त एकीची बंद राहिली. १४ जानेवारीचा हल्ला हा त्यानंतरच्या आठवड्यांत संपत गेलेल्या दाण्याचा परिणाम होता.

सहावे काम : हीच रीत दुसऱ्या मोहिमेवर लावून पाहणे

एका उदाहरणावर बसवलेला निष्कर्ष दुसऱ्यावर तपासल्याशिवाय लिहू नये. माझे म्हणणे असे होते की मराठी पद्धत चालत्या फौजेची आहे. ते खरे असेल तर मराठ्यांनी जेथे स्वतः चालते राहून शत्रूला थांबायला लावले तेथे निकाल उलटा लागला पाहिजे.

पालखेड, १७२८. निजाम तोफखान्यासह पुणे प्रांतात शिरला आणि बाजीराव त्याच्या समोर न येता त्याच्याच मुलखाकडे वळले. त्यांचा पाठलाग करायला निजामाला जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या, आणि वैजापूरजवळ पालखेडला पाण्यावाचून व दाण्यावाचून कोंडले गेल्यावर त्याने मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह केला. मोठी लढाई झालीच नाही.

वडगावचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण तेथे शत्रूच्या बैलांचा आकडा उपलब्ध आहे. रघुनाथरावांना पुण्यात बसवण्यासाठी मुंबईहून निघालेल्या इंग्रज फौजेत चार हजारांच्या आतबाहेर सैनिक आणि तोफा, शिधा व सामान यांसाठी एकोणीस हजारांहून अधिक बैल होते. म्हणजे एका सैनिकामागे जवळजवळ पाच बैल. डिसेंबर १७७८ च्या शेवटच्या आठवड्यात बोरघाट चढून आलेल्या या फौजेला खंडाळ्यापासून तळेगावपर्यंतचे पस्तीसेक किलोमीटर कापायला दोन आठवडे लागले. मराठ्यांनी अडवून लढण्याऐवजी वाटेवरचा मुलूख ओसाड केला. ९ जानेवारी १७७९ रोजी फौज तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जळालेले होते आणि दाणा-वैरण नव्हती. पुढे चिंचवड, आणि वेळ आली तर खुद्द पुणेही जाळण्याची तयारी आहे, असे कळल्यावर जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून रात्रीच माघार सुरू झाली आणि वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजांनी तिला घेरले. आज लोणावळ्याहून पुण्याला लोकलने जाणारा प्रवासी हे सगळे अंतर तासा-दीड तासात ओलांडतो. बैलांच्या चालीने तेच अंतर मनात मोजून पाहिल्यावर त्या सेनापतींची घालमेल अधिक समजते.

या अनुभवातून इंग्रज काय शिकले हे १८०३ मध्ये दिसते. आर्थर वेलस्लीने ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, तो पुढच्या मोहिमेचे कोठार म्हणून वापरला, आणि त्याच्या पत्रव्यवहारात बैलांची जात, त्यांचे खाणे, त्यांची चाल यांवर इतके लिहिलेले आहे की वाचणाऱ्याला काही वेळ हा सेनापती की गुरांचा व्यापारी असा प्रश्न पडावा. २३ सप्टेंबरची असईची लढाई तो त्या तयारीच्या जोरावर लढू शकला. शिंदे-भोसल्यांच्या फौजेजवळ तोवर कवायती पायदळ आणि मोठा तोफखाना आला होता, म्हणजे जुन्या सड्या फौजेची चपळाई उरली नव्हती आणि नव्या फौजेला लागणारी कोठारांची साखळी उभी राहिलेली नव्हती.

इंजिनाच्या युगातील मोहिमांना हीच रीत लावताना एक रकाना बदलतो : पेट्रोल आणि दारूगोळा कोणत्याही शेतात उगवत नाहीत, त्यामुळे मुलखावर जगणे जवळजवळ अशक्य होते. मार्च १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमावर आलेल्या जपानी सैन्याने सुमारे तीन आठवड्यांचा शिधा आणि खाण्यासाठी गुरांचे कळप बरोबर घेतले होते, आणि शत्रूची कोठारे हाती येतील असे धरून पुढचा हिशेब केलेला होता. वाटेत सांगशाकला ज्या तुकड्यांनी त्यांचे मोलाचे दिवस खाल्ले त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. इंफाळला विमानांनी रसद मिळत राहिली, जपान्यांना कोठारे मिळाली नाहीत, आणि जूनच्या आरंभी कोहिमाहून जपानी डिव्हिजनचा सेनापती वरिष्ठांचा हुकूम नसताना उपाशी माणसे घेऊन मागे फिरला.

साधने वाचताना

पाणिपतच्या काळातील पत्रांचा मोठा भाग वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या पहिल्या खंडात आहे, आणि मोडी वाचता येत असेल तर पुण्यातील पेशवे दप्तर व भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह खुला आहे. पत्र वाचताना विजय-पराजयाची वाक्ये बाजूला ठेवून दाणा, चंदी, वैरण, कही, तांडा, हुंडी, वरात (वसुलावर दिलेली पैशाची चिठ्ठी), नालबंदी (स्वारांना दिलेली आगाऊ रक्कम) हे शब्द आले की तारखेसह टिपून घ्यावेत. पत्र कोणी कोणाला लिहिले हेही पाहावे, कारण पैसा मागणारा सरदार तंगी वाढवून सांगतो आणि वसूल द्यायचा असलेला मामलेदार दुष्काळ वाढवून सांगतो. दोघांच्या पत्रांतील तारखा जुळल्या तरच ती नोंद पक्की धरावी.

मापांच्या बाबतीत घाई करू नये. मण चाळीस शेरांचा आणि खंडी वीस मणांची हे कोष्टक नेहमीचे असले तरी ते सर्वत्र सारखे नव्हते, आणि शेरही सारखा नव्हता. कच्चा आणि पक्का असे दोन शेर होते, आणि दिल्लीकडचा, पुण्याचा व कोकणचा शेर वेगळा होता. इंग्रजी अमदानीत ठरलेला सदतीस किलोंचा मण त्याआधीच्या शतकाला लावला तर हिशेब सहज दीडपटीने चुकू शकतो. म्हणून प्रत्येक आकडा कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन मर्यादांत लिहावा आणि अखेरचे उत्तरही तसेच ‘अमुक ते अमुक दिवस पुरेल’ असे द्यावे.

साठ्याचे आकडे मिळाले नाहीत तर भाव शोधावा. छावणीच्या बाजारातील रुपयाला इतके शेर ही नोंद लिहिणाऱ्याला बढाई मारायची नसताना, सहज, पत्राच्या शेवटी आलेली असते, आणि ती कोठारातील धान्याबरोबरच वाटेची सुरक्षितता आणि छावणीतील नाण्यांची टंचाई ही दोन्ही एकदम दाखवते. एकाच छावणीतील तीन-चार तारखांचे भाव मिळाले तर ते पहिल्या कागदावर सहाव्या रकान्यात भरावेत. हरभऱ्याचा भाव गव्हाच्या आधी चढलेला दिसला तर पागा आधी उपाशी पडली असे समजावे, आणि दोन्ही एकदम चढले असतील तर त्या आठवड्यात कोणती वाट बंद झाली ते नकाशावर शोधावे.